राउटरमध्ये कार्ड बसवण्याआधी: स्क्रूड्रायव्हर नंतर, कन्सोल केबल आधी

एक्स्पान्शन कार्ड (राउटरला जादा पोर्ट देणारं) बसवताना घोळ होतो तो बहुधा कार्डामुळे नाही, तर राउटर परत चालू करताना. वर्षभर न थांबता चाललेल्या राउटरवर कुणीतरी केलेला बदल नुसता रनिंग कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे मेमरीतल्या चालू सेटिंग्जमध्ये, पडून असतो. वीज गेली की तोही गेला. म्हणून आधी लॅपटॉप कन्सोल केबलने राउटरला जोडून कॉन्फिगरेशन सेव्ह करा, एक प्रत लॅपटॉपवर घ्या आणि 'शो इन्व्हेंटरी' (बसवलेले भाग), 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' (पोर्टची यादी) या कमांडचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. नंतर ताडून बघायला तेच लागतं.

सिस्कोचा राउटर असेल तर 'शो व्हर्जन' अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं बूट व्हायचं ते ठरवणारा आकडा, दिसतो. शेवटचे चार अंक साधारणपणे २१०२ असतात. पासवर्ड रिकव्हरीच्या वेळी २१४२ केलेला रजिस्टर तसाच राहिला असेल, तर राउटर चालू होईल, पण सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वाचणारच नाही. बूट कमांडमध्ये जिचं नाव आहे ती आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) फाइल फ्लॅश मेमरीत खरंच आहे का, हेही बघून घ्या.

कार्ड स्लॉटमध्ये बसलं म्हणजे चाललं असं नाही. त्याला लागणारं किमान आयओएस व्हर्जन तपासा. ईएचडब्ल्यूआयसी आणि एनआयएम हे सिस्कोच्या कार्डांचे वेगवेगळे प्रकार; ईएचडब्ल्यूआयसी कार्ड एनआयएमच्या स्लॉटला चालत नाही. जुनं कार्ड दुसऱ्या स्लॉटला हलवणार असाल तर इंटरफेसचं नाव बदलतं: ०/१/० चं ०/२/० होतं, आणि आधीचं कॉन्फिगरेशन त्याला लागू होत नाही.

आता वीज. चालू राउटरमध्ये कार्ड बदलता येतं की नाही, हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा; सिस्कोच्या २९०० मालिकेत ईएचडब्ल्यूआयसीसाठी राउटर बंदच करावा लागतो. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही केबल काढा. टेलिफोनच्या लाइन्सही काढा, आणि काढण्याआधी लेबलं लावा. राउटर बंद असला तरी एक्स्चेंजकडून येणाऱ्या लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतातच. त्याच वेळी रिंग आली तर आणखी जास्त.

एक गोष्ट हमखास निसटते. पॉवर केबल काढली की तिच्यातून मिळणारं अर्थिंगही जातं. म्हणून चॅसीची वेगळी अर्थिंग वायर जोडलेलीच राहू द्या आणि मनगटपट्ट्याची (अंगावरचं स्टॅटिक उतरवणाऱ्या पट्ट्याची) क्लिप चॅसीच्या उघड्या धातूला लावा. रंगावर लावलेली क्लिप निव्वळ दागिना! मल्टिमीटरवर पट्ट्याचा रेझिस्टन्स १ ते १० मेगओममध्ये यायला हवा. त्याहून कमी असेल तर चुकून जिवंत तारेला हात लागल्यावर करंट रोखायला काही उरत नाही; जास्त असेल तर स्टॅटिक नीट उतरत नाही. आपल्याला ठिणगी जाणवते ती सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे, चिप मात्र त्याच्या कितीतरी आधी दुखावते. वाईट म्हणजे ती लगेच मरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पोर्ट अधूनमधून पडायला लागतो आणि संशय केबलवर जातो.

स्लॉट मोकळा होईपर्यंत कार्ड पिशवीतच असू द्या. बाहेर काढल्यावर फेसप्लेट आणि कडा धरा, सोनेरी संपर्कांना बोट नको. सरकवताना अडलं तर जोर लावू नका. पूर्ण बाहेर काढून दोन्ही कडा गाइडमध्ये आहेत का ते बघा. स्क्रूने ओढून कार्ड बसवायचा प्रयत्न केला की मागच्या कनेक्टरच्या पिना वाकतात. आणि काढलेली ब्लँक प्लेट (रिकाम्या स्लॉटवरचं झाकण) टाकू नका. पुढे कधी कार्ड काढलं तर ती लागेल. स्लॉट उघडा राहिला की हवा तिथूनच निसटते आणि आतलं तापमान चढतं.