नान्नजच्या वस्तीवर, लिंबाच्या सावलीत

सोलापुरात वाढूनही नान्नजचा माळ मी भर उन्हाळ्यात कधी पाहिला नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये दोन रात्री मामांच्या वस्तीवर राहिलो. शहरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. चहूकडं वाळलेल्या कुसळी गवताचा माळ आणि वस्तीवरचे तीन जुने लिंब, एवढीच सावली.

पहिल्या दिवशी चुकलो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली इथं अभयारण्य झालं. आता तो दिसणं किती दुर्मिळ आहे हे ठाऊक होतं, तरी मन ऐकेना. उशिरा निघून अभयारण्याबाहेरचं गायरान दुपारपर्यंत तुडवलं. दोन माळटिटव्या आणि माझी चाहूल लागताच तुरुतुरु पळालेला एक धाविक पक्षी, एवढंच दिसलं. डोकं गरगरायला लागलं तसा परतलो.

मामा म्हणाले, "आरं, उन्हात कशाला फिरतोस? लिंबाखाली बस की. तहान काय फक्त माणसालाच लागती व्हय?"

मग बाजेवरच बसलो. जनावरांच्या हौदावर होले उतरले, सातभाईंचा कलकलाट आला नि गेला. वेडे राघू तारेवरून झेपावून माशी टिपत, पुन्हा तारेवर येत. लिंबाच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी डोळे वटारून माझ्याकडं बघत होती. जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. रात्री बाजेवर पडल्यावर रातवा हा निशाचर पक्षी ऐकला. फरशीवर गोटी टाकली की तिचे टप्पे कसे जवळ जवळ येत थांबतात, अगदी तसा आवाज. अर्धी रात्र तोच ऐकत जागा होतो.

मला खरी ओढ होती पखुर्डीची, माळावरच्या मातकट रंगाच्या पक्ष्याची. ती झाडाखालच्या हौदावर येत नाही. तिला चहूबाजूंनी मोकळं, उथळ पाणी लागतं. लिंबापासून शंभरेक पावलांवर ओढ्यात एक डबकं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मातकट सदरा घालून, सूर्य पाठीशी ठेवून सात वाजताच बुंध्याला टेकून बसलो. साडेआठपर्यंत काहीच नाही. मग आभाळातून घोगरा आवाज आला आणि अकरा पखुर्ड्या काठापासून जरा दूर उतरल्या. मातीत त्या दिसेनाशाच झाल्या. थोड्या वेळानं चालत पाण्याशी आल्या, भराभर घोट घेतले आणि उडाल्या.

एक नर मात्र थांबला. पाण्यात पोट टेकवून तो अंग हलवत पिसं भिजवत होता. त्याच्या पोटाच्या पिसांची घडणच पाणी धरून ठेवणारी. दूर माळावरची पिल्लं बापाच्या ओल्या पोटाला चोची लावून ते पाणी पितात. हे मी वाचलं होतं, पण दुर्बीण धरलेला माझा हात थरथरत होता. तो उडाला, तेव्हा पोटाखालून दोन थेंब निथळताना दिसले.

मामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी गुरं ओढ्याकडं दहानंतर सोडली.