बीबीसी मायक्रो, नोंद सातवी: हरवलेले बाइट सापडले

बीबीसी मायक्रो या १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाला मी केबल आणि यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉप जोडतो आहे, म्हणजे लॅपटॉपवरच्या फाइली त्याच्या फ्लॉपीवर उतरवता येतील. मागच्या नोंदीत वाटेत हरवणाऱ्या बाइटांपाशी थांबलो होतो. काल रात्री साडेअकराला, भारनियमन संपून व्होल्टेज स्थिरावल्यावर, १६,३८४ बाइटांची चाचणी फाइल लॅपटॉपवरून फ्लॉपीवर प्रथमच जशीच्या तशी उतरली आणि पुढे सलग पाच वेळा उतरली.

केबल तयार झाली आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मला मिळालेला पाच पिनांचा डिन प्लग (गोल जोडणीचा प्लग) टेपरेकॉर्डरचा, म्हणजे अर्धवर्तुळात पिना असलेला निघाला. आपल्याला डॉमिनोच्या ठिपक्यांची मांडणी लागते. शेवटी सुट्या पिनांवर हीट-श्रिंक नळी चढवून पाचही तारा स्वतंत्र बसवल्या. ज्यांच्याकडे मूळ प्लग आहे त्यांनी वरच्या बाजूला रंगाचा ठिपका द्यावा, कारण तो उलटाही बसतो.

आता मूळ दुखणे. बीबीसीवरचा माझा प्रोग्राम ४०९६ बाइट मेमरीत साठवतो आणि मग फ्लॉपीवर लिहितो. ९६०० बॉडला (बॉड म्हणजे तारेवरून माहिती जाण्याचा वेग) सेकंदाला ९६० बाइट येतात, त्यामुळे लेखन चालू असताना २५६ बाइटांचा इनपुट बफर, म्हणजे आलेले बाइट तात्पुरते ठेवण्याची जागा, पाव सेकंदातच भरतो, आणि तेवढ्यात आरटीएसच्या, म्हणजे ‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगणाऱ्या, तारेने लॅपटॉपला थांबवायला हवे. १२०० बॉडला काहीच हरवत नव्हते, पण फाइलला सव्वादोन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. ४८०० ला तूट पुन्हा दिसायची. मी तारांवरच संशय घेतला आणि तीन रात्री सगळ्या जोडण्यांना नव्याने डाग दिला.

उलगडा झाला तो चाचणी फाइलमधल्या क्रमांक घातलेल्या ओळींमुळे. प्रत्येक ओळ नेमकी १६ बाइटांची ठेवली होती आणि पहिली तूट दर वेळी २७२ व्या ओळीच्या शेवटाशी पडायची. २७२ गुणिले १६ म्हणजे ४३५२, आणि ४०९६ अधिक २५६ हेही ४३५२! म्हणजे बफर काठोकाठ भरल्यावरच बाइट सांडत होते. आरटीएसवर दोन रंगांचा एलईडी लावला, तर तो वेळेवर हिरव्याचा लाल होत होता. बीबीसी ‘थांब’ म्हणत होता, पण यूएसबी अडॅप्टर आपल्या पोटातले बाइट संपेपर्यंत पाठवतच राहायचा. मूळ व्यवस्थेत बीबीसी बफरमध्ये नऊ जागा उरल्यावर थांबण्याचा इशारा देतो, आणि नऊ जागा या अडॅप्टरला पुरत नव्हत्या. हा आकडा बदलणारी ‘*एफएक्स २०३,६४’ ही आज्ञेची एक ओळ बीबीसीला दिली, इशारा ६४ जागा शिल्लक असतानाच जाऊ लागला आणि तूट बंद झाली.

नवा अडॅप्टर घेणाऱ्यांनी एफटी२३२आर चिप असलेलाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. इशारा मिळाल्यावर ती फार तर तीन बाइट पाठवून थांबते, असे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. माझ्या स्वस्त अडॅप्टरच्या चिपवरचे नाव घासलेले आहे. एफटी२३२आरवाला अडॅप्टर मीही मागवणार होतो, पण आता ते पैसे फ्लॉपी ड्राइव्हच्या पट्ट्यासाठी ठेवतो.

पुढचा बेत थेट १९,२०० बॉडचा होता. मात्र हे लिहिताना सुचले की आधी याच अडॅप्टरचे पोट मोजावे: ६४ च्या जागी ४८, ३२, २४ असे उतरत जाऊन तूट कुठे सुरू होते ते पाहावे. ब्रेक कळ दाबल्यावर आकडा पुन्हा नऊवर जातो, म्हणून ती ओळ आज रात्री फ्लॉपीच्या !बूट फाइलमध्ये (संगणक सुरू करताना चालवता येणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) घालतो आणि मोजणी सुरू करतो.