मांगराचे स्थलांतर, नोंद तिसरी : सांगाडा उभा राहिला, पण गुण्यात (काटकोनात) नाही

मागच्या नोंदीत कुडाळ तालुक्यातील आमचा मांगर, म्हणजे शेतावरचा गोठावजा आडोसा, पूर्ण उतरवून झाला होता आणि त्याचे लाकूड 17 किलोमीटरवरच्या मालवण तालुक्यातील नव्या जागेत ताडपत्रीखाली रचून ठेवले होते. या नोंदीत सांगाडा उभारणीचे वर्तमान आहे आणि त्यात माझी एक मोठी चूकही आहे.

मांगर 24 फूट लांब आणि 15 फूट रुंद. पुढे पाच, मागे पाच असे किंजळाचे दहा खांब, त्यांना पुढून मागे जोडणाऱ्या पाच तुळया, प्रत्येक तुळईवर आढे पेलणारा आखूड खांब, आणि वर ऐनाचे वासे. मुख्य सांध्यांत एकही खिळा नव्हता; कूस (लाकडाचे कापून बारीक केलेले टोक), ती बसते ते भोक आणि लाकडी खुंटी एवढ्यावर सारे तोललेले होते. रंगाने घातलेले क्रमांक पुसले जातात, म्हणून पत्र्याचे छोटे तुकडे कापून त्यांवर खिळ्याने आकडे कोरले आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठोकले. ही युक्ती निःशंकपणे सुचवतो.

जांभ्या दगडाचे चिरे मात्र आणले नाहीत, हे काहींना आवडणार नाही. तीन बाजूंच्या अर्ध्या भिंतींचे मातीत रचलेले सुमारे 280 चिरे निघाले. एक चिरा 30 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सारे मिळून साडेआठ टनांच्या जवळपास. ते शेजाऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, दिले. माझ्या लेखी मांगर म्हणजे त्याचा लाकडी सांगाडा; चिरा कोकणात कुठेही मिळतो.

नव्या जागेवर जोते बांधताना मी अतिशय काळजी घेतली आणि तिथेच फसलो. तीन, चार, पाचाची दोरी लावून चारही कोपरे गुण्यात घेतले, पाणसळ फिरवली, खांबांखालचे जुनेच दगडी उथळे आखणीप्रमाणे काँक्रीटमध्ये बसवले आणि आठ दिवस पाणी मारले. पहिली तुळई दोन खांबांवर चढवली, तेव्हा तिची एक कूस भोकात बसली आणि दुसरी तोंडाशीच अडली. पाऊस लागून लाकूड फुगले असेल, असे समजून मी पटाशी हातात घेतली होती. परंतु सोबतच्या वयोवृद्ध मेस्त्रींनी मला थांबवले, कुशीच्या खांद्यावरून अंगठा फिरवला आणि तो खांदा सरळ नसून मुळातच तिरका कापलेला आहे, हे दाखवले. पाचही तुळया तशाच होत्या. "मांगर होतो तसोच आसा, तुमचां जोतां सरळ झालां," एवढेच ते बोलले आणि विडी ओढायला फणसाखाली जाऊन बसले.

उतरवताना मी लांबी आणि रुंदी मोजली होती, कर्ण मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी जुन्या जागेवर गेलो. उथळे काढलेल्या जागी खळगे तसेच होते. त्यांच्या मध्यांवर फीत धरली, तर एक कर्ण 28 फूट 7 इंच आणि दुसरा 28 फूट भरला. गुण्यात असता तर दोन्ही 28 फूट साडेतीन इंचांच्या आसपास आले असते. मागची रांग पुढच्या रांगेच्या मानाने 4 इंच पूर्वेला सरकलेली होती. बांधणाऱ्याने आधी उथळे बसवले आणि मग लाकूड त्या आखणीला धरून कापले, असा माझा तर्क आहे.

तुळया नव्याने कापल्या असत्या, तर प्रत्येक कुशीची पकड कमी झाली असती. म्हणून मागच्या रांगेचे पाचही उथळे फोडून काढले आणि 4 इंच सरकवून पुन्हा बसवले. जोत्याला रुंद कट्टा ठेवला होता म्हणून हे शक्य झाले. त्यानंतर पाचही तुळया लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी बसल्या. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात अशी उतरवून पुन्हा उभारलेली घरे मी पाहिली होती. तेव्हा कर्णांचा विचार मनाला शिवलाही नव्हता.

वाशांना डिंबेलाचे दोन हात दिले. काजूच्या टरफलांचे हे तेल वाळवीला दूर ठेवते, पण कातडी भाजते. हातमोजे न घातलेल्या माझ्या भाच्याला याची खात्री पटली आहे.

मंगलोरी कौले सुमारे 900 होती, त्यांतील 74 फुटली. काहींच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे नाव आणि 1865 हा आकडा आहे. ते मिशनच्या मंगळूरच्या कारखान्याच्या आरंभाचे साल असल्यामुळे त्यावरून कौलाचे वय ठरवू नये. तूट भरण्यासाठी आणलेली दुसऱ्या कारखान्याची कौले जुन्यांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून ती मागच्या उतारावर खालून तीन ओळी सलग लावली आहेत आणि जिथे दोन्ही भेटतात, तिथली ओळ कानशीने घासून जुळवली आहे.

मिरगाला, म्हणजे पावसाच्या मृग नक्षत्राला, अजून नऊ दिवस आहेत. आढ्यावरची कोनी कौले चुन्यात बसवणे बाकी आहे आणि चुना अजून भिजतो आहे.