शून्य क्रमांकाचं पुस्तक आणि लायब्ररीची रांग

मालिकेच्या पुस्तकाला शून्य हा क्रमांक द्यायची पद्धत ज्याने पाडली, त्याला न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटी लायब्ररीच्या होल्डच्या, म्हणजे पुस्तकासाठी नंबर लावायच्या, रांगेत एकदा उभं करायला हवं. शून्य म्हणजे पहिल्याच्या आधी वाचायचं की वाटेल तेव्हा, हे कुणी धड सांगत नाही. आणि तुम्ही स्वतः ठरवलंत, तरी लायब्ररीच्या सिस्टिमला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

मालिका म्हणजे सारा जे. मासची ‘थ्रोन ऑफ ग्लास’. सात कादंबऱ्या आणि ‘द असॅसिन्स ब्लेड’ हा दीर्घकथांचा एक संग्रह, तोच शून्य क्रमांकाचा. लेकीने नववीत असताना सगळं वाचून संपवलं, तेही मैत्रिणींकडून घेऊन, त्यामुळे घरात एकही प्रत नाही. मग ती माझ्या मागे लागली. पहिला भाग मी नाक मुरडतच उघडला, दुसरा अधाशासारखा वाचला, आणि शेवटच्या पानावर जे कळलं त्यानंतर तिसऱ्याकडे हात जाणारच होता. तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, थांब. आधी झिरो वाच.”

इथे क्रमाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण यावरून वाचकांत तीन तट आहेत आणि तिघांचंही बरोबर आहे. नायिका सेलेना ही राज्यातली सगळ्यात नावाजलेली मारेकरी. पहिली कादंबरी ऑगस्ट 2012 मध्ये आली. पण त्याआधी, त्याच वर्षी, प्रकाशकाने तिच्या त्याआधीच्या आयुष्याच्या चार दीर्घकथा एकेक करून ई-बुक म्हणून काढल्या होत्या. म्हणजे ‘आधी शून्य’ म्हणणारे प्रकाशनाच्या क्रमानेच बोलतात. पुढे मार्च 2014 मध्ये त्या चार कथा आणि पाचवी नवी कथा असा छापील संग्रह आला. तो आला दुसऱ्या भागाच्या (2013) नंतर आणि तिसऱ्याच्या (सप्टेंबर 2014) आधी. म्हणजे ‘दुसऱ्यानंतर शून्य’ म्हणणारेही प्रकाशनाच्या क्रमानेच बोलतात! तिसरा तट म्हणतो तिसऱ्या भागानंतर, चौथ्याच्या आधी, कारण तिला घडवणारा तिचा गुरू आरोबिन चौथ्या भागात प्रत्यक्ष समोर येतो आणि त्याने आधी काय काय केलंय ते तेव्हा ताजं असावं.

मी दुसऱ्या तटातली. आधी कळस मग पाया, हेच इथे योग्य. पहिला भाग सुरू होतो तेव्हा सेलेना वर्षभर मिठाच्या खाणीत गुलामी करून अर्धी झालेली असते. ती कोण होती, तिथे कशी पोचली, हे माहीत नसतं म्हणूनच तिची मिजास आधी खटकते आणि नंतर कळायला लागते. पाया आधी दाखवला तर ती गंमत गेली. शिवाय दुसऱ्या भागाच्या शेवटी तिच्याबद्दल जे उघड होतं ते मनात ठेवून मागच्या कथा वाचल्या की साधी साधी वाक्यं दुहेरी दिसतात.

तर ठरलं. दोन नंतर शून्य, मग तीन. आता पुस्तक मिळवायचं एवढंच राहिलं होतं.

पहिले दोन भाग लिबीवर, म्हणजे लायब्ररीची ई-बुकं उसनी देणाऱ्या ॲपवर, बोट लावताच मिळाले होते. शून्याला मात्र होल्ड. ॲपने सांगितलं, प्रती इतक्या, रांगेत माणसं इतकी, अंदाजे इतके आठवडे. आठवडे बरेच होते, पण ठीक, नंबर लावला. पुढच्या वेळी बघते तर आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. माझ्या पुढची माणसं कमी झालीयत आणि थांबायचे आठवडे जास्त! डोकं फिरलं. चौकशी केली तेव्हा यामागची मेख कळली. लायब्ररीला ई-बुक कायमचं विकत मिळतंच असं नाही. अनेक मोठे प्रकाशक ठरावीक मुदतीचा परवाना देतात, बऱ्याचदा दोन वर्षांचा, आणि एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. मुदत संपली की ती प्रत यादीतून गायब होते, लायब्ररीने पुन्हा पैसे मोजले तरच परत येते. मालिकेचा पहिला भाग सगळेच मागतात म्हणून त्याच्या प्रती भरपूर घेतात. शून्याच्या बाबतीत हात आखडता.

दरम्यान तिसरा भाग आला. चौथाही आला. मी शहाणपणा करून सगळ्यांनाच होल्ड लावून ठेवलं होतं आणि ज्याची गरज नाही तेच आधी दारात. हे लक्षात ठेवा: होल्ड आलं की तीन दिवसांत घ्यायचं किंवा नाही म्हणायचं. पण काहीच न करता बसू नका. ‘नंतर पाठवा’ असा पर्याय असतो, तो दाबला की पुस्तक मागच्या माणसाकडे जातं आणि तुमची रांगेतली जागा पुढेच राहते. मी तिसऱ्या भागाला असं इतक्या वेळा परत पाठवलं की त्या भागाची रांग माझ्या कृपेनेच पुढे सरकली असावी.

मग म्हटलं, छापील प्रत घेऊ. कॅटलॉगमध्ये शोधलं, पुस्तक सापडलं, तिथेही होल्डची लांबलचक यादी. नंबर लावला आणि शेवटी थेट लायब्ररीतच गेले. काउंटरवरच्या बाई अतिशय गोड.

“तुमचं होल्ड सिस्टिममध्ये आहे. नंबर आला की ईमेल येईल.”

“पण सगळ्या शाखा मिळून प्रती किती आहेत?”

“सिस्टिममध्ये दिसतायत तेवढ्या.”

“आणखी मागवणार आहात का?”

“तशी विनंती ऑनलाइन करता येते.”

विनंती केली. तिचं उत्तर ईमेलने आलं, की हे पुस्तक आमच्याकडे आहे, आपण होल्ड लावू शकता.

यावर काय बोलायचं? पुण्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयातले काका असते तर “कुलकर्ण्यांकडे आहे, परवा आणून देतील” एवढ्यात काम झालं असतं. इथे प्रत्येक जण हसून बोलतो आणि पुस्तक काही मिळत नाही. नवरा म्हणाला, “विकत घे ना, काय असे मोठे पैसे आहेत?” प्रश्न पैशांचा राहिलाच नव्हता. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर लायब्ररीच्या कराची वेगळी ओळ असते. ती ओळ मी दरवर्षी भरते. आता त्या ओळीतूनच पुस्तक काढायचं, असं ठरवून बसले होते.

पुढच्या खेपेला काउंटरवर त्या बाई नव्हत्या. पुस्तकांची ट्रॉली ढकलणारा कॉलेजच्या वयाचा एक मुलगा होता. त्याने माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला नवीन कव्हरच हवंय का?”

कव्हर? मला कव्हरशी काय करायचंय!

तर ऐका. 2023 मध्ये प्रकाशकाने ही सगळी मालिका नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा काढली. जुन्या मुखपृष्ठांवर हातात शस्त्र घेतलेली चित्रातली सेलेना होती, किशोरवयीन वाचकांना समोर ठेवून केलेली. नवी दिसतात मोठ्यांच्या कादंबऱ्यांसारखी, कारण तोवर लेखिकेचा मोठ्यांतला वाचकवर्ग प्रचंड वाढला होता. नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन, म्हणजे आवृत्तीचा ओळख क्रमांक. आणि आमच्या लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक आयएसबीएनची नोंद वेगळी, होल्डची रांगही वेगळी! पुस्तकाचं नाव टाकलं की नवी नोंद सगळ्यात वर येते, सगळे तिथेच नंबर लावतात, मीही तिथेच. जुन्या आवृत्तीची नोंद खाली कुठेतरी, पुढच्या पानावर. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे रांगेत एकही माणूस नव्हता, आणि प्रतीपुढे लिहिलं होतं ‘उपलब्ध’. शाखा: हीच. मी उभी होते ती.

आम्ही किशोर विभागात गेलो. लेखिकेच्या आडनावाच्या कप्प्यात पुस्तक नाही. त्याने मोठ्यांच्या फँटसीत बघितलं, तिथेही नाही. मला वाटलं, झालं, आता ‘हरवले’ अशी नोंद होऊन माझी रवानगी परत त्या रांगेत. पण पोरगं चिवट. खिडकीजवळ पेपरबॅकचा फिरता स्टँड असतो ना, तो फिरवून फिरवून त्याने तळाच्या खणातून पुस्तक ओढून काढलं. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी, आतला मजकूर अक्षरन् अक्षर तोच. महिनोन्‌महिने मी ज्याच्यासाठी ईमेलची वाट बघत होते ते माझ्यापासून हाकेच्या अंतरावर धूळ खात होतं, आणि मला हे सांगायचं काउंटरवर कुणाला सुचलं नव्हतं. आनंद झाला, रागही आला. घरी येताना राग थोडा जास्त होता.

तेव्हा लायब्ररीतून मागवत असाल तर फक्त वर आलेल्या नोंदीवर विसंबू नका. कॅटलॉगमध्ये ‘सर्व आवृत्त्या’ असा पर्याय असेल तर तो उघडा, प्रकाशन वर्षानुसार जुन्यापासून क्रम लावा, आणि या संग्रहासाठी 2014 च्या आसपासची नोंद शोधा. लोकप्रिय मालिकांना हे हमखास लागू पडतं, कारण त्यांचीच मुखपृष्ठं सारखी बदलतात. आणि सुट्या ई-कथांची जुनी नोंद सापडली तर जपून. 2012 च्या त्या चार कथांत पाचवी नाही. ‘द असॅसिन अँड द हीलर’ ही कथा संग्रहासोबतच आली, आणि नेमकी तीच चुकवण्यासारखी नाही. कारण पुढे सांगते.

वाचन म्हणाल तर भरभर झालं. चारशेहून जास्त पानं आहेत, पण कथा एकमेकींत अडकवलेल्या आहेत. पहिलीत सेलेना आणि तिचा प्रतिस्पर्धी सॅम समुद्री चाच्यांच्या बंदरावर वसुलीला जातात, तिथे सौदा गुलामांचा निघतो आणि दोघं मिळून तो उधळतात. त्याची शिक्षा म्हणून तिला वाळवंटात धाडलं जातं. वाटेत एका बंदरातल्या भिकार खानावळीत यरीन नावाची मुलगी भेटते, हीच ती ‘हीलर’. मग वाळवंट, तिथली अन्सेल नावाची मैत्रीण, मग राजधानीत परत, आणि शेवट मिठाच्या खाणीच्या वाटेवर. शेवट काय होणार हे आधीच्या दोन भागांतून माहीत असतंच. तरी संग्रहातल्या शेवटच्या कथेत मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. जादूची अपेक्षा ठेवून बसाल तर जवळजवळ हाती काही लागणार नाही, कारण या कथा जिथे घडतात तिथून जादू नाहीशी झालेली आहे. ही सरळ सरळ मारेकऱ्यांची, कर्जाची आणि विश्वासघाताची गोष्ट आहे. आरोबिन भेटवस्तू कशा देतो आणि त्याचा हिशेब कसा ठेवतो, ते नीट बघा. चाबकापेक्षा त्याचीच भीती वाटते.

वाळवंटाची कथा मला लांबली असं वाटलं. लेकीला तीच सगळ्यात आवडते, यावर आमचं एकमत होणार नाही.

यरीनची कथा आकाराने लहान आहे. हाणामारी थोडी, बाकी दोन मुलींचं बोलणं आणि स्वतःचा जीव कसा वाचवायचा याची एका रात्रीत दिलेली शिकवणी. पण हीच यरीन सहाव्या भागात, ‘टॉवर ऑफ डॉन’मध्ये, मुख्य पात्र होऊन येते. त्या भागाची गंमत म्हणजे तोही मुळात दीर्घकथाच असणार होता, लिहिता लिहिता सहाशेहून अधिक पानांचा झाला. शून्य न वाचता तिथे पोचलात तर गोष्ट कळेल, पण एका चिठ्ठीचा प्रसंग येतो तिथे डोळ्यांत पाणी येणार नाही. अन्सेल आणि चाच्यांचा म्होरक्या रोल्फही पाचव्या भागात परततात. म्हणून ‘प्रीक्वेल काय, ऐच्छिक असतात’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हो, एक राहिलंच. संग्रहाचं मलपृष्ठ आणि पुढच्या भागांचे ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर, आधी वाचू नका. प्रकाशकाला वाटतं तुम्ही सगळं वाचलेलं आहे, आणि नायिकेबद्दलची जी गोष्ट दुसऱ्या भागाच्या शेवटी कळायला हवी ती पुढचे ब्लर्ब पहिल्या ओळीत सांगून मोकळे होतात. लिबीवर होल्ड लावतानाही तो मजकूर डोळ्यांसमोर येतोच, पटकन पुढे सरकवा.

आता पाचवा आणि सहावा भाग प्रकरणागणिक आलटून पालटून वाचायचे असं लेकीचं म्हणणं आहे, कारण दोन्हींतल्या घटना एकाच काळात घडतात. म्हणजे दोन होल्ड एकाच वेळी हातात यायला हवीत. यावेळी मी ॲप उघडलंच नाही. जुन्या मुखपृष्ठांच्या नोंदी शोधल्या, दोन्ही शेजारच्या गावच्या शाखेत निघाल्या, रांगेत कुणी नाही. शनिवारी आणायला जातेय.