नाताळला मला कुकरची रिंग हवी

आज वसईच्या बाजारात ही गर्दी! चांदण्या, गोठ्यातल्या मूर्ती, केक. तेवढ्यात दुबईहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, नाताळला काय आणू?"

मी सरळ सांगितलं, कुकरची रिंग, आईला जाड पायमोजे आणि ओट्यावरच्या ६० वॉटच्या पिवळ्या दिव्याऐवजी ९ वॉटचा एलईडी. उजेड जवळपास तेवढाच, बिल कितीतरी कमी. सगळं इथंच मिळतं, आल्यावर मिळून घेऊ.

तो हिरमुसला. त्याला परफ्यूम आणायचा होता. पण आधीच्या बाटल्या कपाटात तशाच आहेत रे! तू तिकडे उन्हात राबतोस, ते पैसे असे जाताना मला बघवत नाही.

भाचीला मात्र रंगपेटी आण. मोठी आण.