घरचा सर्व्हर: क्लॅमएव्हीचं अपडेट टायमरवर नेलं

क्लॅमएव्ही या मोफत अँटीव्हायरसच्या डेफिनिशनचं (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या यादीचं) अपडेट आता सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, टायमरवर आहे आणि या पावसाळ्यात ते बिनबोभाट चाललंय. ज्यांच्या घरी असाच छोटा सर्व्हर आहे, त्यांच्यासाठी सगळी मांडणी इथे लिहून ठेवतो.

यंत्र नेरुळला घरीच आहे: डेबियन १२ (लिनक्स), रॅम ४ जीबी. वाशीला मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या फायली रोज रात्री अकराला इकडे येतात. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात. कुणाचा प्रोजेक्ट, कुणाचं आधार, कुणाची लग्नपत्रिका, आणि सोबत शॉर्टकट व्हायरस (पेन ड्राइव्हमधल्या फायली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा). लिनक्सला त्याची बाधा नाही, पण तीच फाइल परत दुकानातल्या विंडोजवर गेली की त्रास सुरू. म्हणून रात्री एकला स्कॅन लागतो आणि त्याआधी डेफिनिशन ताज्या असायलाच हव्यात.

डेबियनमध्ये फ्रेशक्लॅम (डेफिनिशन उतरवणारा क्लॅमएव्हीचा प्रोग्राम) डिमन म्हणून, म्हणजे मागे सतत, चालतो आणि दिवसातून २४ वेळा तपासणी करतो. बहुतेकांना तेवढं पुरे. मला मात्र आधी अपडेट, मग स्कॅन असा क्रम हवा होता. त्यासाठी डिमन बंद करून टायमर लावला. डिमन चालू ठेवून हाताने फ्रेशक्लॅम चालवला, तर लॉग फाइल दुसऱ्या प्रोसेसने लॉक केल्याची तक्रार येते, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवू नका.

टायमर दर सहा तासांनी, २३व्या मिनिटाला. फ्रेशक्लॅमच्या माहितीपुस्तिकेतच विनंती आहे की दहाच्या पटीतलं मिनिट घेऊ नका, तिथे आधीच गर्दी असते. वर रँडमाइज्ड-डिले, म्हणजे यादृच्छिक उशीर, १५ मिनिटांपर्यंतचा. वारंवार विचारलं तरी भार नगण्य, कारण फ्रेशक्लॅम आधी डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमधून (डोमेन नावासोबत ठेवलेल्या छोट्या मजकुरातून) आवृत्ती क्रमांक बघतो आणि नवीन असेल तरच फरकाची छोटी फाइल उतरवतो. वीगेटने (डाउनलोडच्या कमांडने) अख्खी फाइल पुन्हा पुन्हा ओढायचा उद्योग करू नका. २०२१पासून अशा डाउनलोडवर बंधनं आहेत.

खरी कसोटी वीज गेल्यावर. टायमरचा पर्सिस्टंट पर्याय चालू ठेवला की हुकलेली वेळ यंत्र सुरू झाल्यावर भरून निघते. पण आमच्याकडे सर्व्हर राउटरच्या आधी जागा होतो, आणि सिस्टमडीचं नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट (नेटवर्क तयार असल्याची खूण) गाठलं म्हणजे इंटरनेट आलंच असं नाही. त्यामुळे टायमर जी सर्व्हिस चालवतो तिच्यात रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (फसलं की पुन्हा चालव) आणि पाच मिनिटांचं अंतर दिलं. हे वनशॉट, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या, सर्व्हिसला सिस्टमडीच्या २४४व्या आवृत्तीपासून चालतं. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ हीच.

फाइल उतरली म्हणजे काम झालं असं नाही, क्लॅमडीने (स्कॅन करणाऱ्या डिमनने) ती मेमरीत घ्यायला हवी. फ्रेशक्लॅमचा नोटिफाय-क्लॅमडी पर्याय चालू असेल तर लगेच घेतो, नाहीतर सेल्फ-चेकची, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या स्वतःच्या तपासणीची, वाट बघतो. क्लॅमडी माझ्याकडे १ जीबीपेक्षा जास्त रॅम खातो आणि कॉन्करंट रीलोडमध्ये जुना-नवा दोन्ही संच काही क्षण एकदम मेमरीत असतात. ४ जीबीत ते परवडत नाही, म्हणून तो पर्याय बंद केला. रीलोड होईपर्यंत स्कॅन थांबतो, पण अपडेट रात्री एकच्या आधीच उरकत असल्याने अडत नाही.

पडताळणीसाठी अनेक जण आयकारची ६८ बाइटची निरुपद्रवी चाचणी फाइल वापरतात. स्कॅनर जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं, कारण ती जुन्या डेफिनिशनलाही सापडते. मी क्लॅमएव्हीच्याच सिगटूलने डिस्कवरच्या डेली फाइलची (रोजच्या डेफिनिशनची) आवृत्ती काढतो आणि क्लॅमडीस्कॅनला व्हर्जन विचारतो. क्लॅमडीस्कॅन चालू डिमनकडून उत्तर आणतो, म्हणून दोन्ही आकडे जुळले की नवा संच खरोखर वापरात आहे.

आता उरलंय ते अपयशाची सूचना मोबाइलवर आणणं. दुकानातही लिनक्सचं यंत्र बसवलं तर सीव्हीडीअपडेट या क्लॅमएव्हीच्या साधनाने घरातच डेफिनिशनचा मिरर (स्थानिक प्रत) करायचा विचार आहे. कुणी तो चालवत असेल तर अनुभव जरूर कळवा.