तिसऱ्या योहानाचं पंधरावं वचन

चर्च सुटल्यावर नागपूरच्या सदरला तर्री-पोहे हाणले आणि दुपारभर कूलरसमोर टर्मिनल (संगणकाला टाइप करून हुकूम द्यायची काळी खिडकी) उघडून बसलो. मराठी बायबलचं स्वोर्ड मॉड्यूल, म्हणजे बायबल-वाचनाच्या अ‍ॅपमध्ये टाकता येणारा संच, बांधायचं होतं. भाचा डोकावून म्हणे, "मामा, हॅकिंग करून राहिले का?"

एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेली मजकुराची फाइल, तपासली आणि तिचं मॉड्यूल करणारा ओसिस-टू-मॉड हा प्रोग्राम चालवला. काम चुटकीसरशी झालं, पण त्यानं दाखवलेली एक ओळ खटकली: योहानाच्या तिसऱ्या पत्राचं १५वं वचन केजेव्ही (किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलच्या) वचनक्रमात नाही, १४व्याला जोडलं. बरोबरच आहे, केजेव्हीत ते पत्र १४ वचनांत संपतं. मजकूर शाबूत राहतो, पण १५वं शोधणाऱ्याच्या हाती भोपळा! एनआरएसव्ही या दुसऱ्या इंग्रजी बायबलचा क्रम देऊन पुन्हा चालवलं, तक्रार मिटली. मात्र तोच क्रम मॉड्यूलची माहिती देणाऱ्या कॉन्फ फाइलीतही लिहावा लागतो, नाहीतर वचनं भलत्याच जागी उघडतात. ही ओळ विसरणारे लई भेटतात बाप्पा.

मग झिप. मॉड्स-डॉट-डी (कॉन्फ फाइलीचा) आणि मॉड्यूल्स (मजकुराचा), दोन्ही फोल्डर झिपमध्ये सगळ्यात वरच हवेत. सोबत मूळ एक्सएमएलही जपून ठेवली. मॉड्यूल काय, कधीही पुन्हा बांधता येतं.

फोनवर अँडबाइबल या बायबल-वाचनाच्या अ‍ॅपमध्ये टाकलं, जोडाक्षरं झकास दिसतात. स्तोत्रांची शीर्षकं तेवढी राहिली. भाच्यालाच बसवतो आता.